लुई ब्रेल : जिनगराच्या मुलाची शाळा

दरवर्षी ४ जानेवारी हा दिवस जगभर ब्रेल दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१९ पासून त्यास अधिकृत स्थान दिले. या दिवशी वृत्तपत्रांत चार ओळींची बातमी येते, अंधलिपीच्या जनकाला अभिवादन केले जाते आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. आम्ही येथे लुई ब्रेल यांचे चरित्र थोड्या निराळ्या अंगाने सांगू इच्छितो. गावच्या शाळेत ज्याच्यासाठी जागा नाही अशा मुलाचे शिक्षण कोणी, कसे आणि काय किंमत देऊन घडवून आणले, हा आमच्या जिज्ञासेचा विषय आहे. दृष्टी, श्रवण वा बुद्धी यांपैकी काही उणे घेऊन आलेल्या बालकांचे मातापिता आजही धर्मगुरूंच्या दाराशी हाच प्रश्न घेऊन येतात. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका खेड्यात हाच प्रश्न एका कारागिराच्या घरी उभा राहिला होता.

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर कूव्रे नावाचे गाव आहे. तेथे सिमों-रने ब्रेल हे जिनगर राहत. घोड्यांची खोगिरे, लगाम, पट्टे असा सगळा साज ते स्वतःच्या हाताने तयार करीत. त्यांच्या पत्नीचे नाव मोनिक. या दांपत्याला ४ जानेवारी १८०९ रोजी चौथे अपत्य झाले आणि चारच दिवसांनी गावच्या चर्चमध्ये त्याला स्नानसंस्कार देऊन लुई हे नाव ठेवण्यात आले. लुईपेक्षा त्याची सर्वांत धाकटी बहीणही अकरा वर्षांनी मोठी होती. उतारवयाकडे झुकलेल्या आईवडिलांचे हे शेंडेफळ किती लाडाचे असेल, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

वडिलांची कर्मशाळा घराला लागूनच होती. कातड्याचा वास, भिंतीवर टांगलेली धारदार अवजारे आणि हाती येईल ते घेऊन वडिलांचे अनुकरण करणारे तीन वर्षांचे पोर. १८१२ साली एके दिवशी कातड्याला भोक पाडण्याच्या खटपटीत लुईच्या हातातील आरी निसटली आणि त्याच्या डोळ्यात शिरली. काही चरित्रकार आरीऐवजी वाकड्या सुरीचा उल्लेख करतात. अवजार कोणतेही असो, परिणाम एकच झाला. त्या काळी जंतुसंसर्गाविषयी वैद्यांनाही काही ज्ञान नव्हते. जखम चिघळली, दाह दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत बालकाची दृष्टी पूर्णपणे गेली. सिमों-रने यांच्या मनाला काय वाटले असेल याची नोंद कोठेही नाही. मात्र त्यानंतर त्यांनी जे केले त्याच्या नोंदी आहेत, आणि आमच्या मते त्या पुरेशा बोलक्या आहेत.

दिवसही कठीण होते. नेपोलियनचे साम्राज्य कोसळत होते. १८१४ पासून दोन वर्षे परकीय सैन्याच्या तुकड्या एकामागून एक गावात येत राहिल्या. त्यांना अन्न, चारा, जनावरे आणि घोड्यांचा साज पुरवता पुरवता गावकरी मेटाकुटीला आले. घराघरांत अनोळखी भाषा बोलणारे शिपाई मुक्कामाला असताना नुकतीच दृष्टी गमावलेले हे मूल आवाजांच्या त्या गोंधळात आपली वाट शोधण्यास शिकत होते. वडिलांनी त्याला एक काठी करून दिली. तिच्या आधाराने तो अंगणातून विहिरीपर्यंत व तेथून रस्त्यापर्यंत जाऊ लागला.

त्या काळी गरिबाघरच्या अंध मुलाचे भवितव्य बहुधा ठरलेले असे. चर्चच्या पायरीवर किंवा जत्रेत हात पसरणे. फ्रान्सचे संत राजे नववे लुई यांनी तेराव्या शतकात पॅरिसमध्ये तीनशे अंधांसाठी आश्रयगृह उभारले होते खरे, परंतु तेथे आसरा मिळे, विद्या नव्हे. ब्रेल दांपत्याने आपल्या मुलाला भिकेच्या वाटेने जाऊ द्यायचे नाही असे ठरवलेले दिसते. वडिलांनी त्याला हातकाम शिकवले. घोड्याच्या साजाला लावायचे कातड्याचे व सुतळीचे गोंडे तो करू लागला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. लाकडी फळीवर गोल डोक्याचे खिळे ठोकून त्यांनी अक्षरांचे आकार तयार केले आणि मुलाचे बोट धरून त्यावरून फिरवले, अशी आठवण सांगितली जाते.

१८१५ मध्ये कूव्रेला नवे धर्मगुरू आले. त्यांचे नाव फादर जाक पालुई. या मुलाची हुशारी त्यांच्या ध्यानी आली. त्यांनी त्याला आपल्या निवासस्थानी बोलावून शिकवण्यास आरंभ केला. धर्मशिक्षण, पवित्र शास्त्रातील कथा, झाडाफुलांची ओळख, पक्ष्यांचे आवाज असा तो अभ्यास होता. हे सारे कानाने, नाकाने आणि बोटांनी चाले. आज ज्याला आपण गृहाधारित शिक्षण म्हणतो त्याचाच हा प्रकार. कोणत्याही शासकीय योजनेवाचून आणि कोणत्याही अनुदानावाचून चाललेला.

परंतु फादर पालुई यांनी एक गोष्ट ओळखली, आणि आमच्या दृष्टीने हेच त्यांचे मोठेपण. एका मुलाला एका खोलीत एका प्रेमळ धर्मगुरूने शिकवणे पुरेसे नव्हते. मुलाला बरोबरीच्या मुलांची संगत हवी होती. त्यांनी गावातील तरुण शिक्षक आंत्वान बेशरे यांना विनंती केली आणि बेशरे यांनी या अंध मुलाला आपल्या वर्गात घेतले. शेजारचा एक मुलगा त्याला हाताला धरून शाळेत आणीत असे. वर्गात लुई केवळ ऐके. तरीही लवकरच तो इतर मुलांच्या पुढे गेला. तोंडी गणित आणि पाठांतर यांत त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. मात्र जेव्हा इतर मुले पुस्तक उघडत किंवा लेखणी हातात घेत तेव्हा तो हात बांधून बसे. त्याचा वर्ग तेथे संपत असे.

शिक्षक आणि धर्मगुरू या दोघांनाही या मर्यादेची जाणीव होती. पॅरिसमध्ये अंध बालकांसाठी राजाश्रयाने चालणारी एक संस्था आहे हे त्यांना समजले. फादर पालुई गावचे सरदार मार्की द’ऑर्विलिए यांच्याकडे गेले. मार्कींनी संस्थेच्या संचालकांना पत्र लिहिले आणि शिष्यवृत्तीसह प्रवेश मंजूर झाला. एका खेड्यातील धर्मगुरू, एक शाळामास्तर व एक सरदार अशी ही साखळी होती. तिच्यातील एक कडी जरी निखळली असती तरी पुढचे काहीच घडले नसते.

आईवडिलांपुढे मात्र पेच होता. मूल घरी राहिले तर सुरक्षित राहील, गोंडे विणून चार पैसे मिळवील; पण त्याचे आयुष्य तेवढ्यापुरतेच राहील. पाठवले तर दहा वर्षांचे अंध मूल परक्या शहरात, परक्या माणसांत. अशा निर्णयाला सोपे उत्तर नसते, आणि या बाबतीत तर ते फारच महागात पडले हे आपण पुढे पाहणारच आहोत. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी सिमों-रने मुलाला घेऊन घोडागाडीने पॅरिसला गेले आणि त्याला संस्थेच्या स्वाधीन करून एकटेच परतले.

ही संस्था व्हॅलेंटिन हाउई या सद्गृहस्थांनी स्थापन केली होती. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत अंध माणसांना विदूषकासारखे सजवून, हाती वाद्ये देऊन लोक त्यांची टर उडवीत असल्याचे दृश्य त्यांनी पाहिले आणि ते अस्वस्थ झाले. पुढे १७८४ मध्ये चर्चच्या दाराशी भीक मागणारा फ्रांस्वा लेस्यूर हा तरुण त्यांचा पहिला विद्यार्थी ठरला. भिकेचे उत्पन्न बुडते म्हणून हाउईंना त्याची भरपाई द्यावी लागली! जाड ओल्या कागदावर अक्षरे दाबून त्यांना उठाव आणायचा आणि ती बोटांनी वाचायची, ही पद्धत हाउई यांचीच.

लुई ज्या इमारतीत दाखल झाला तिचाही इतिहास आहे. साँ-फिरमें नावाचे ते जुने धर्मगुरू प्रशिक्षणालय होते. तेथेच सप्टेंबर १७९२ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या उन्मादात अनेक धर्मगुरूंची निर्घृण हत्या झाली होती. १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी ज्या सप्टेंबर हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले, त्यांत येथील धर्मगुरूही आहेत. लुईच्या वेळी ही वास्तू जीर्ण, कोंदट आणि ओलसर झाली होती. अरुंद जिने, भिंतींना आलेली ओल, अपुरे अन्न, कडक शिस्त आणि शिक्षा म्हणून कोंडून ठेवणे हे तेथले नित्याचे जीवन होते. याच ओलीत पुढे त्यांना क्षयाने ग्रासले असे बहुतेक चरित्रकार मानतात. ज्या शाळेने लुईला घडवले तिनेच त्यांचे आयुष्य कमी केले.

तेथील ग्रंथसंपदा पाहून लुईची निराशा झाली असल्यास नवल नाही. हाउईंच्या पद्धतीची पुस्तके अवजड होती आणि संख्येने मोजकीच. एकेक अक्षर मोठे असल्यामुळे बोट त्याच्या कडांवरून फिरवावे लागे. वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचेपर्यंत आरंभ विसरावा अशी स्थिती. आणि लिहिण्याची तर सोयच नव्हती. ही अक्षरे डोळसांची होती. डोळ्यांसाठी केलेली वस्तू बोटांच्या हाती दिली गेली होती, आणि हाउईंसारख्या दयाळू माणसालाही त्यात वावगे काही वाटले नाही.

१८२१ साली शार्ल बार्बिए नावाचे निवृत्त लष्करी अधिकारी संस्थेत एक नवी पद्धत घेऊन आले. त्यांनी उठावाच्या ठिपक्यांचे संकेत तयार केले होते. रात्रीच्या अंधारात सैनिकांना संदेश वाचता यावेत म्हणून त्यांनी ते शोधले असे सर्वत्र सांगितले जाते. अलीकडच्या अभ्यासकांनी मात्र या कथेविषयी शंका घेतली असून, ज्यांना नेहमीची शाळा लाभत नाही अशांसाठी सोपे लेखन शोधणे हा त्यांचा उद्देश होता असे दाखवून दिले आहे. दोन उभ्या ओळींत प्रत्येकी सहापर्यंत ठिपके, आणि त्यांतून अक्षर नव्हे तर ध्वनी व्यक्त व्हायचा. मुलांना ठिपके चटकन उमगले. पण बारा ठिपक्यांचा समूह एका बोटाच्या टोकाखाली मावत नसे. शुद्धलेखन, विरामचिन्हे, अंक, संगीत यांपैकी कशाचीच तीत सोय नव्हती.

लुई तेव्हा बारा वर्षांचा होता. पुढील तीन वर्षे रात्री इतर मुले झोपल्यावर आणि सुटीत कूव्रेच्या घरी तो कागद व टोचणी घेऊन बसे. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत जवळजवळ सिद्ध झाली. त्याने ठिपके बारांवरून सहावर आणले. तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी, म्हणजे बोटाच्या एका स्पर्शात मावेल एवढा घर. या सहा ठिपक्यांच्या ६३ रचना होतात. पहिली दहा अक्षरे केवळ वरच्या चार ठिपक्यांत बसवली. पुढच्या दहांसाठी त्यांतच डावीकडचा खालचा ठिपका मिळवला. त्यापुढील अक्षरांसाठी खालचे दोन्ही. एकदा पहिली दहा पाठ झाली की उरलेली आपोआप हाती येतात. आम्ही हे एवढ्या तपशिलाने सांगतो, कारण ही केवळ युक्ती नव्हती. शिकणाऱ्याच्या बोटाला काय पेलते याचा विचार प्रथमच कोणीतरी केला होता, आणि तो करणारा स्वतः शिकणारा मुलगा होता. ज्या प्रकारच्या अवजाराने त्याचे डोळे नेले, जवळजवळ तशाच टोकदार साधनाने तो लिहू लागला.

१८२९ साली त्यांनी आपली पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. शब्द, संगीत आणि चर्चमधील पारंपरिक गायन या तिन्हींच्या लेखनासाठी ठिपक्यांचा उपयोग कसा करावा हे त्यात होते, आणि बार्बिए यांचे ऋणही मोकळेपणाने मान्य केले होते. १८३७ च्या सुधारित आवृत्तीत ही लिपी आजच्या स्वरूपाच्या निकट आली.

तोवर लुई ब्रेल त्याच संस्थेत शिक्षक झाले होते. १८३३ पासून पूर्णवेळ. गाब्रिएल गोतिए व इपोलित कोल्ता हे अंध मित्रही त्यांच्यासोबत नेमले गेले. व्याकरण, भूगोल, गणित, संगीत असे अनेक विषय ब्रेल शिकवीत. ऑर्गनवादनात ते निष्णात होते. पॅरिसच्या सेंट निकोलस चर्चमध्ये त्यांनी काही वर्षे पवित्र मिस्साच्या वेळी ऑर्गन वाजवला. एका गरजू अंध विद्यार्थ्याला नोकरी मिळावी म्हणून त्यांनी आपली ऑर्गनवादकाची जागा सोडून दिली, असे कोल्ता यांनी नमूद केले आहे. १८३१ मध्ये त्यांचे वडील वारले. मृत्युशय्येवरून त्यांनी संस्थेचे संचालक डॉ. पिन्ये यांना निरोप धाडला होता की माझ्या मुलाला अंतर देऊ नका. मुलगा बावीस वर्षांचा, स्वतः शिकवणारा, तरीही बापाचा जीव शेवटपर्यंत त्याच्यात अडकलेला होता.

१८३५ च्या सुमारास क्षयाची लक्षणे दिसू लागली. त्याही अवस्थेत ब्रेल यांनी आणखी एक प्रयत्न केला, त्याची चर्चा फारशी होत नाही. त्यांच्या लिपीतले पत्र घरच्या डोळस माणसांना वाचता येत नव्हते. मुलगा शिकला, पण आईला पत्र लिहू शकत नाही, हे त्यांना खटकले असावे. १८३९ मध्ये त्यांनी ठिपक्यांनीच सामान्य अक्षरांचे आकार काढण्याची पद्धत मांडली, आणि पुढे फूको या अंध मित्राने त्यासाठी यंत्रही बनवले.

खरा आघात संस्थेतूनच व्हायचा होता. १८४० साली डॉ. पिन्ये यांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांच्या जागी द्यूफो आले. अंधांनी डोळसांपेक्षा निराळी लिपी वापरली तर ते समाजापासून तुटतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद अगदीच दुष्ट होता असे आम्ही म्हणणार नाही. वेगळ्या शिक्षणाची गरज असलेल्या मुलाला वेगळे साधन द्यावे की सर्वांचेच साधन कसेबसे त्याच्या गळी उतरवावे, हा वाद आजही मिटलेला नाही. परंतु द्यूफो यांनी अंध विद्यार्थ्यांना विचारलेच नाही. ठिपक्यांच्या लिपीला बंदी झाली. जुनी पुस्तके जाळून टाकण्यात आली, असे चरित्रकार लिहितात. विद्यार्थी मात्र लपूनछपून त्याच लिपीत एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत राहिले. ज्या लिपीत आपल्याला स्वतःचे विचार टिपता येतात ती सोडून जाण्यास ती मुले तयार नव्हती.

शेवटी उपसंचालक जोसेफ गादे यांनी हे पाहिले आणि आपल्या वरिष्ठांचे मन वळवले. कवी लामार्तिन यांनी १८३८ मध्ये संसदेत संस्थेच्या दुरवस्थेविषयी भाषण केल्यानंतर नवी, हवेशीर इमारत मंजूर झाली होती. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी तिच्या उद्घाटनप्रसंगी गादे यांनी ब्रेल यांच्या लिपीची जाहीर प्रशंसा केली आणि मुलांनी तिचे प्रात्यक्षिक करून दाखवले. ब्रेल तेव्हा पस्तीस वर्षांचे होते आणि त्यांची प्रकृती ढासळली होती. कोरडी, उजेडाची इमारत त्यांच्या वाट्याला पंचवीस वर्षे उशिरा आली.

डिसेंबर १८५१ च्या आरंभी त्यांना रक्ताची मोठी उलटी झाली. त्यांनी श्रद्धापूर्वक अखेरचे संस्कार स्वीकारले. ६ जानेवारी १८५२ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी दखल घेतली नाही. त्यांच्या खोलीत एक लहान पेटी होती व ती न उघडता जाळावी अशी त्यांची सूचना होती. मित्रांना कुतूहल आवरले नाही. पेटीत विद्यार्थ्यांनी वेळोवेळी घेतलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या निघाल्या. मग मात्र त्या जाळण्यात आल्या.

दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, फ्रान्सने ही लिपी अधिकृतरीत्या स्वीकारली. १८७८ च्या पॅरिस परिषदेने ती अन्य देशांसाठीही मान्य केली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी अंध बालकांसाठी शाळा काढली. भारतीय भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल लिपी चालत असल्याने पूर्वी मोठा घोळ होई. १९५१ मध्ये सर्वांसाठी एक भारती ब्रेल निश्चित झाली. आज मराठी बालक ‘कमल’ हा शब्द वाचते तेव्हा त्याच्या बोटाखाली क, म, ल यांचे जे ठिपके येतात ते कूव्रेच्या जिनगराच्या मुलाने के, एम, एल या अक्षरांसाठी ठरवलेलेच आहेत. २००९ मध्ये, जन्मद्विशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांची प्रतिमा असलेले दोन रुपयांचे नाणे काढले. आमच्यापैकी अनेकांनी ते न पाहताच खर्चून टाकले असेल.

मृत्यूनंतर ब्रेल यांना कूव्रेच्या दफनभूमीत, आपल्या माणसांजवळ, पुरण्यात आले होते. शंभर वर्षांनी, १९५२ मध्ये, फ्रान्सने त्यांच्या अस्थी समारंभपूर्वक पॅरिसच्या पांथेऑनमध्ये, राष्ट्रपुरुषांच्या सान्निध्यात नेल्या. हेलन केलर त्या प्रसंगी उपस्थित होत्या. गावकऱ्यांनी मात्र आपला मुलगा सगळाच जाऊ दिला नाही. त्यांच्या हातांच्या अस्थी एका कलशात घालून कूव्रेच्या त्या जुन्या थडग्यावर ठेवण्यात आल्या.